छाती ११ सेंटीमीटर कमी का भरली? क्रोशाचा सुती टॉप, बाही आणि टोपड्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकी पॅटर्नवरून सुती दोऱ्याचा उन्हाळी टॉप विणला. पॅटर्नचा नमुना, म्हणजे माप बघायला विणलेला चौकोन, १० सें.मी.त १६ खांब (क्रोशाचे उंच टाके) आणि ८ ओळी. अंगाची छाती ९२, तयार टॉपची १०० सें.मी. यायला हवी होती, आली ८९. बगलेत काचतो. बाही ६४ टाक्यांवर सरळ विणायची होती, शेवटी ५५ टाके उरले. पहिल्या धुण्यानंतर टॉप तीनेक सें.मी. लांब झाला आणि गळा खांद्यावरून घसरतो. शिवाय बाळंतविड्यासाठी विणायला घेतलेलं टोपडं झालरीसारखं लाटा घेतंय. पॅटर्न चुकीचा आहे का, आणि सगळं उसवावं लागेल का?

पॅटर्न बरोबर आहे. सगळं उसवायचीही गरज नाही, टॉपच्या फक्त बाह्या, बाजूच्या शिवणी आणि जमल्यास खालच्या तीन ओळी उसवाव्या लागतील. गडबड झाली ती अशी, की पॅटर्नमधले टाके तुम्ही पक्के धरले आणि सेंटीमीटर आपोआप येतील असं मानलंत. कपडा विणताना आधी सेंटीमीटर ठरतात आणि त्यावरून टाके काढायचे असतात. रुमाल दोन सें.मी. लहान झाला तर कुणाला कळत नाही. अंगावरचा कपडा मात्र लगेच सांगतो.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. पुढच्या भागाला ८० टाके सांगितलेत. १० सें.मी.ला १६ या हिशेबाने ते ५० सें.मी. होतात, पुढचा-मागचा मिळून १००. तुमची छाती ८९ आली, म्हणजे एक बाजू साडेचव्वेचाळीस. ८० टाके साडेचव्वेचाळीसमध्ये बसले, याचा अर्थ तुमच्या हाताला १० सें.मी.त १८ टाके येतात. दहा सेंटीमीटरला फक्त दोन टाके जास्त. विणताना ते डोळ्याला दिसतही नाहीत, पण छातीवर ११ सें.मी. खाऊन जातात. अंगापेक्षा ८ सें.मी. सैल ठेवलेला टॉप त्यामुळे अंगापेक्षा ३ सें.मी. लहान झाला.

बगलेचंही तेच. पॅटर्नमध्ये टॉपचं अंग, म्हणजे बगलेपर्यंतचा भाग, '३६ सें.मी. होईपर्यंत विणा' असं असतं आणि बगलेपासून वर मात्र '१६ ओळी'. ८ ओळींना १० सें.मी. धरलं तर १६ ओळी २० सें.मी. होतात. तुमच्या टॉपवर फूटपट्टी ठेवून मोजाल तर १० सें.मी.त साधारण ९ ओळी दिसतील. म्हणजे बगल पावणेअठराच भरली. अंग टेपने मोजलं म्हणून लांबी बरोबर आली, बगल ओळींनी मोजली म्हणून काचली. एकाच पॅटर्नमध्ये ही दोन्ही मापं मिसळलेली असतात. म्हणून सुरू करण्याआधी पेन्सिलने प्रत्येक 'इतक्या ओळी'च्या शेजारी तिचे सेंटीमीटर लिहून ठेवावेत.

हात घट्ट का आला? दोन शक्यता आहेत. पहिली सुईची. अमेरिकी पॅटर्नमध्ये 'एच-८' लिहिलेली सुई ५ मि.मी.ची असते. जुन्या ब्रिटिश क्रमांकाची ८ नंबरची सुई ४ मि.मी.ची. घरात आजी-मावशीच्या डब्यातली सुई असेल आणि तिच्यावर फक्त ८ कोरलेलं असेल, तर ती पॅटर्नची सुई नव्हे. बारीक स्टीलच्या सुयांचे नंबर तर वेगळेच, तिथे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर वाचा. कोरलेलं पुसलं गेलं असेल तर सुईच्या मापाची भोकं असलेली पट्टी मिळते, तिच्यात घालून बघा.

दुसरी शक्यता हाताची. ज्यांचा हात ताटावरचे रुमाल, तोरणं, टेबलक्लॉथ यांवर बसलेला आहे, त्यांची वीण बहुतेक घट्ट असते, कारण तिथे घट्टपणाच हवा असतो. खांब विणताना एक क्षण थांबून बघा: सुईवर वेढा घेतला, टाक्यात सुई घातली, दोरा ओढून बाहेर काढला. हा बाहेर काढलेला पहिला वळसा किती उंच आला, त्यावर खांबाची सगळी उंची ठरते. रुमालाचा हात तो वळसा खालच्या टाक्याला चिकटूनच ठेवतो. कपड्याचा हात तो सुईच्या जाडीएवढा वर उचलतो आणि मगच पुढचा वेढा घेतो. दोरा डाव्या हाताच्या करंगळीला दोनदा गुंडाळत असाल तर एकदाच गुंडाळा, एवढ्यानेही फरक पडतो. सुई बदलली की रुंदी आणि उंची दोन्ही बदलतात. टाके जुळले आणि ओळी जुळत नसल्या, तर सुईला हात न लावता या वळशाची उंची बदलायची.

एक शंका इथेच मिटवते. टॉपमध्ये तुम्ही अमेरिकी आणि ब्रिटिश नावांची गल्लत केलेली नाही. अमेरिकी 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, खांबापेक्षा आखूड टाका, त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकी 'डबल' म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिशांचा 'ट्रेबल'. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' सापडलं तर तो अमेरिकी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत. तुम्ही खांबाऐवजी मुका खांब विणला असता तर १६ ओळींत जेमतेम ९ सें.मी. भरले असते. चिन्हांचा तक्ता असेल तर शब्दांकडे बघूच नका. फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, साधा 'टी' म्हणजे अर्धा खांब, 'टी'च्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दुहेरी खांब. चिन्हं दोन्हीकडे सारखीच असतात.

आता टॉप वाचवायचं बघू. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवा आणि बगलेखाली एकेक उभी पट्टी घाला, जुन्या कुडत्याला कळी लावतात तशी. छातीला ११ सें.मी. हवेत, म्हणजे एका बाजूला साडेपाच. तुमच्या हाताला १० टाके म्हणजे ५.६ सें.मी. सुई तीच ठेवा, कारण आता पट्टीची वीण टॉपच्या विणीशी जुळायला हवी. अंगाच्या जितक्या ओळी आहेत तितक्याच ओळींची पट्टी विणा, ३६ सें.मी.ला त्या ३२ च्या आसपास येतील. मोजून घ्या, अंदाजाने नको. जोडताना ओळीला ओळ लावायची. दर आठ ओळींवर रंगीत दोऱ्याची खूण बांधा आणि बोथट टोकाच्या जाड सुईने शिवा. कडेचा अख्खा खांब आत घेऊ नका, त्याचा एकच धागा उचला, नाहीतर पट्टीची रुंदी शिवणीतच जाईल.

या पट्टीने बगलेचं कामही होतं. बाहीचं भोक आधी दोन वेळा पावणेअठरा, म्हणजे साडेपस्तीस होतं. पट्टीच्या वरच्या कडेने ते ४१ च्या पुढे जातं. म्हणूनच बाह्या नव्याने विणायच्या, आणि वेगळ्या विणून शिवण्यापेक्षा भोकाच्या कडेवरूनच टाके उचलून मनगटाकडे जायचं. प्रत्येक ओळीच्या कडेवर दोन टाके, म्हणजे पुढच्या १६ ओळींचे ३२, मागचे ३२, आणि पट्टीवरचे १०: एकूण ७४. कडेला भोकं दिसली तर टाके खांबाच्या मधल्या पोकळीत न घालता खांबाच्या दांड्यातच घाला.

कडेवरचं हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कार्डिगनची बटणपट्टी, शालीची किनार, गळा, सगळीकडे तेच लागतं. ओळी १० सें.मी.त ९ आणि टाके १८, म्हणून ओळीला २. हेच ओळी ८ आल्या असत्या तर ४ ओळींना ९ टाके घ्यावे लागले असते. किनार लाटा घेत असेल तर टाके जास्त, कपडा ओढला जात असेल तर कमी. पुस्तकातलं प्रमाण कितीही छान छापलेलं असो, तुमच्या कपड्यावर फूटपट्टी ठेवूनच काढा.

बाहीचे ६४ चे ५५ कसे झाले, हे मात्र समजून घ्याच, नाहीतर नवी बाहीही तशीच निमुळती होईल. खांबाच्या ओळीच्या सुरुवातीला ज्या ३ साखळ्या घेता, त्या बहुतेक पॅटर्नमध्ये पहिला खांब म्हणून मोजल्या जातात. म्हणून त्यांच्या पायथ्याचा टाका सोडायचा आणि दुसऱ्यापासून विणायचं. परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा. त्या तीन साखळ्या कडेला बारीक होऊन वळलेल्या असतात, टाक्यासारख्या दिसतच नाहीत, आणि हात आधीच्या खांबावरच थांबतो. एका ओळीत एक टाका गेला. नऊ ओळींत असं झालं, नऊ टाके गेले. उलट कुणी पायथ्याशीही खांब घालतं आणि शेवटच्या साखळीतही. त्यांची बाही दर ओळीला एका टाक्याने फुलते. तिसऱ्या साखळीत विणतानाच खुणेची पिन अडकवा. पिन दिसली की हात चुकत नाही. दुसरा उपाय: एकच साखळी घ्या, ती मोजू नका, आणि पहिल्या टाक्यातच पहिला खांब घाला. कडा सरळ येतात, पहिला खांब किंचित आखूड वाटला तर वळसा वर उचला. पण यातलं एकच ठरवा आणि कपडा संपेपर्यंत तेच ठेवा.

नवी बाही गोल विणणार असाल तर दर फेरीनंतर कपडा उलटा करा. न उलटता गोल विणलं की प्रत्येक खांबाचं डोकं दांड्याच्या किंचित एका बाजूला पडतं आणि बगलेखालची जोडरेघ हळूहळू फिरत मनगटापाशी भलतीकडे येते. आणि पॅटर्नमध्ये फेरीच्या शेवटी जो एकूण टाक्यांचा आकडा असतो, तो प्रत्येक वेळी ताडून पाहा. 'ताऱ्यापासून (* या खुणेपासून) आणखी दोनदा' म्हणजे एकूण तीनदा की दोनदा, असा घोळ पडला तरी शेवटचा आकडा खरं काय ते सांगतो.

लांबी वाढली त्याला कारण कापूस. सुती दोरा जड असतो, लोकरीसारखा परत आखडत नाही, आणि खांबाची वीण उभी ताणली जाते. नमुना मांडीवर ठेवून मोजला तर हे कधीच कळत नाही. नमुना किमान १५ बाय १५ सें.मी.चा विणा. टॉप जसा धुणार तसाच तो धुवा. मग खालच्या कडेला चार-पाच कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी मोजा. १० सें.मी.चे १०.६ झाले, तर ५४ सें.मी.चा टॉप अंगावर ५७ होणार, हे विणायच्या आधीच कळलं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सुती वीण वाळायला दोन दोन दिवस घेते. वरून कोरडी लागली तरी आत दमट असते, तेव्हा माप घ्यायची घाई नको. टॉप कधीही दोरीवर टांगून वाळत घालू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा आणि पलंगावर किंवा चटईवर आडवा पसरा. तुमच्या टॉपला खालून तीन ओळी कमी केल्या की लांबी ठिकाणावर येईल. त्या शेवटी विणल्या असतील तर सहज उसवतात. सुरुवातीच्या असतील तर राहू द्या, साखळीकडून वीण सुटत नाही, आणि तिथे कापाकापी करण्यापेक्षा थोडी लांबी परवडली.

सुरुवातीच्या साखळीवरून आठवण: ती घट्ट असली की खालची कडा आत ओढली जाते आणि टॉप वर घंटेसारखा फुगतो. साखळी अर्ध्या ते एक मि.मी. मोठ्या सुईने घाला, पुढच्या ओळीपासून नेहमीची सुई.

गळा घसरतो, कारण क्रोशाच्या सोप्या पॅटर्नमध्ये खांद्याला उतार नसतो आणि मागच्या गळ्यावर सगळा भार येतो. एक मि.मी. बारीक सुईने गळ्याच्या आतल्या कडेवर स्लिप स्टिचची (नुसता दोरा ओढून घेतलेल्या बिनउंचीच्या टाक्याची) एक फेरी घाला. दर पाच-सहा टाक्यांमागे एक सोडा, म्हणजे गळा आवळला जाईल. डोक्यातून जातो ना, ते मध्येच एकदा घालून बघा. त्यानंतर एक सें.मी. रुंदीची सुती फीत आधी भिजवून वाळवा, म्हणजे आटायची ती आटेल, आणि एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत आतून हाताने टाचा. शिंपी होजिअरीच्या खांद्याला फीत लावतात ती याचसाठी. टॉपचं बरंचसं वजन ती फीत उचलते.

दोरा किती लागेल? पट्ट्यांसाठी आणि बाह्यांसाठी नवा आणताना जुन्या गुंड्याचं लेबल सोबत न्या आणि रंगाच्या नावासोबत लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, जुळवा. तो लॉट मिळाला नाही तर तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, बाहेर उजेडात येऊन बघा. उसवलेल्या बाह्यांचा दोरा पट्ट्यांना वापरा. त्याची आधी लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, पाण्यातून काढा आणि वाळू द्या, कुरळेपणा जातो. पट्टी अंगाला लागून असते, म्हणून तिला जुना रंग हवा. नवा लॉट बाहीत घाला. फरक अगदीच दिसत असेल तर बाहीच्या पहिल्या सहा ओळी जुना-नवा आलटून पालटून विणा.

पुढच्या वेळी दोरा तोलून ठरवा. १५ बाय १५ चा नमुना म्हणजे २२५ चौ. सें.मी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो ९ ग्रॅम भरला, तर चौरस सेंटीमीटरला ०.०४ ग्रॅम. टॉपचे दोन भाग ५० बाय ५६ चे, ते ५,६०० चौ. सें.मी. दोन बाह्या सरासरी ३६ बाय ३० च्या, ते २,१६०. एकूण ७,७६०, म्हणजे ३१० ग्रॅम. शिवण, किनार आणि गाठींसाठी १५ टक्के धरा, साडेतीनशेच्या थोडं वर. एकदम घ्या, एकाच लॉटचा.

आणि पुढचा टॉप घट्ट हातानेच विणायचा असेल तरी अडत नाही. ५० सें.मी. गुणिले १.८ म्हणजे ९० टाके. नक्षी ६ च्या पटीत अधिक २ असेल तर ९० बसत नाहीत: ८६ बसतात, ते ४८ सें.मी. होतात, ९२ बसतात, ते ५१. मी ९२ घेईन, कारण सुती टॉप थोडा सैल चालतो, आवळलेला चालत नाही. आता पॅटर्नमध्ये बघा, ९२ च्या जवळचे टाके कोणत्या मोठ्या साइझला दिलेत. त्या साइझचे टाके घ्या, लांबी आणि बगल मात्र तुमच्या साइझच्या सेंटीमीटरमध्ये. गणित न करता अर्धं काम होतं.

राहिलं टोपडं. सपाट गोलाला दर फेरीत ठरावीक टाके वाढतात: मुक्या खांबाला ६, अर्ध्या खांबाला ८ ते १०, खांबाला १२. लाटा येतात म्हणजे वाढ जास्त झाली, वाटीसारखं वळतं म्हणजे कमी. तुमच्याकडे दोन गोष्टी तपासा. पॅटर्न अमेरिकी असून 'डबल'चा तुम्ही मुका खांब केलात का? मग आखूड टाक्याला १२ ची वाढ होते आणि झालर येणारच. तसं नसेल तर पहिल्या फेरीत ३ साखळ्या धरून १२ खांब आहेत की साखळ्या सोडून १२? सोडून असतील तर ते १३ झाले आणि फेरीगणिक १३ वाढत गेले. घट्ट हाताचे बुटके खांब असतील तर एवढंही पुरतं.

नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ सें.मी. असतं. टोपडं दोन सें.मी. कमी ठेवायचं, ३३. भागिले ३.१४, म्हणजे साडेदहा सें.मी. व्यासाची चकती. तुमच्या याच हाताला पाच फेऱ्यांत १२, २४, ३६, ४८, ६० खांब होतील, आणि ६० खांब म्हणजे बरोबर ३३ सें.मी. सहाव्या फेरीपासून वाढ बंद. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत १२-१३ सें.मी. झालं की थांबा. वाढ दर फेरीत एकाच जागी टाकली तर चकतीला बहुकोनासारखे कोपरे येतात, म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा दोन टाके पुढे सरकवा.

दोरा मऊ सुती घ्या, केसाळ लोकर नको, बाळाच्या तोंडात तंतू जातात. ॲक्रिलिकच्या टोपड्याला इस्त्री लावू नका, वीण लोळागोळा होते आणि पुन्हा कधीच उभी राहत नाही. बाळंतविड्यात नाड्यांची पद्धत असली तरी गळ्याभोवती फिरेल अशी लांब नाडी, टाकलेलं बटण किंवा सैल लटकणारा गोंडा लावू नका. कडेला मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या पुरतात, टोपडं त्यानेच बसतं. दोऱ्याची टोकं तीन वेगवेगळ्या दिशांनी आत ओवा, कारण ते रोज धुतलं जाणार आहे.